ग्लायकॉन : कापडी डोक्याचा नागदेव



श्रावण आला की नागपंचमीला आपण पाटावर नाग काढतो, दूध-लाह्या ठेवतो, कुणी वारुळाला जाऊन येतं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. नाग हा देव असू शकतो ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून आज ज्या नागदेवाचा इतिहास मी सांगणार आहे, तो आधी तुम्हाला ओळखीचा वाटेल. मग जरा हसू येईल. आणि मग मधेच कुठेतरी अंगावर काटाही येईल.

या देवाचं नाव ग्लायकॉन. ग्रीक भाषेत ‘गोड’ या शब्दावरून हे नाव आलं. आपण अशक्तपणा आला की पाण्यात घालून घेतो ते ग्लुकोज, तेही त्याच शब्दाच्या घराण्यातलं. नाव गोड, पण रूप मात्र विचित्र. अंग सापाचं, वेटोळी घातलेलं. तोंड मेंढीसारखं किंवा हरणासारखं पुढे आलेलं. डोक्यावर माणसासारखे लांब केस, माणसासारखे कान. आणि शेपटी सिंहाची!

काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात, इनेबोलू नावाचं बंदर आहे. अठराशे वर्षांपूर्वी तिथे अबोनोतिखोस हे लहानसं गाव होतं. तेव्हा तिथे रोमन बादशहाचं राज्य होतं, आणि इकडे आपल्याकडे सातवाहनांचं. त्या गावात अलेक्झांडर नावाचा एक माणूस राहत होता. आपल्या सिकंदराशी याचा काही संबंध नाही, तो याच्या आधी पाचशे वर्षं होऊन गेला. हा अलेक्झांडर उंच, देखणा, गोड आवाजाचा. तरुणपणी एका वैद्याच्या हाताखाली राहून थोडं औषधपाणी आणि बरीच हातचलाखी शिकलेला.

आता ही सगळी हकिगत आपल्याला कळली कुणाकडून? ल्युशियन नावाच्या लेखकाकडून. तो त्याच काळातला. अलेक्झांडरला प्रत्यक्ष भेटलेला, आणि त्याचा कट्टर वैरी. वैऱ्यानं लिहिलेलं चरित्र वाचताना आपण मीठ-मसाला किती आणि भाजी किती ते पाहून घ्यायचं असतं. अलेक्झांडरच्या मनात काय होतं, हे ल्युशियन सांगतो ते तसंच्या तसं घेऊ नये. पण देव होता, त्याचं मोठं प्रस्थ होतं, हे मात्र खरं. कारण त्या गावाच्या नाण्यांवर या नागाचं चित्र आहे आणि त्याचं नावही आहे. बादशहा अँटोनायनस पायस याच्या काळापासून, म्हणजे इसवी सन १६१ च्या आधीपासून, तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत ही नाणी पाडली जात होती.

ल्युशियन सांगतो ती देवाच्या जन्माची गोष्ट ऐका.

अलेक्झांडर आणि त्याचा एक जोडीदार गावोगाव फिरत होते. मॅसिडोनियातल्या पेला गावी त्यांना मोठे पण माणसाळलेले साप दिसले. तिथल्या बाया ते साप घरात पाळत, पोरं त्यांच्याशेजारी झोपत. त्यांनी चार पैसे टाकून त्यातला एक देखणा साप विकत घेतला. मग एका जुन्या देवळात पितळी पत्रे पुरून ठेवले. त्यावर लिहिलं होतं की वैद्यकाचा देव अस्क्लेपियस आता अबोनोतिखोसला राहायला येणार आहे. पत्रे ‘सापडले’, बातमी पसरली, आणि गावानं उत्साहानं देवळाचा पाया खणायला घेतला.

एका रात्री अलेक्झांडरनं बदकासारख्या मोठ्या हंसिणीचं अंडं आतून रिकामं केलं, त्यात सापाचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू घातलं, मेणानं भोक बुजवलं आणि ते अंडं पायाच्या खड्ड्यातल्या चिखलात लपवलं. सकाळी तो सोनेरी वस्त्र गुंडाळून, केस मोकळे सोडून, अंगात आल्यासारखा चौकात धावत आला. अशा वेडाच्या सोंगात कधी कधी त्याच्या तोंडाला फेसही यायचा. साबणासारखा फेस येणारी एक मुळी चघळली की तोंडाला फेस येतो, हे त्याला ठाऊक होतं. कुणाला कळणार नाही अशा भाषेत काहीतरी बडबडत तो खड्ड्यात उतरला आणि भांड्यात पाणी-चिखल घेता घेता अंडं वर काढलं. लोकांसमोर फोडलं. पिल्लू त्याच्या बोटाभोवती गुंडाळलं, आणि गाव गुडघ्यावर आलं.

थोड्याच दिवसांत दर्शन सुरू झालं. अर्धवट अंधाराची खोली. आत अलेक्झांडर बसलेला, अंगावर तो मोठा साप वेटोळी घालून. सापाचं खरं डोकं त्यानं काखेत दाबून धरलेलं, आणि दाढीशेजारून दिसत होतं ते डोकं कापडाचं, रंगवलेलं. घोड्याच्या केसांच्या दोऱ्या ओढल्या की तोंड उघडायचं-मिटायचं, काळी दुभंगलेली जीभ बाहेर यायची. लोक एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. मागून रेटा एवढा की थांबून पाहायला वेळच मिळू नये. गेल्या आठवड्यात बोटाएवढा असलेला देव आता माणसाएवढा झालेला! हात लावून पाहिलं तर खरा जिवंत साप लागतो. मग शंका कशाची घ्यायची?

देव बोलूही लागला. कौल मागणाऱ्यानं आपला प्रश्न लिहून, गुंडाळून, मोहोर लावून द्यायचा. उत्तर परत यायचं तेव्हा मोहोर जशीच्या तशी. ल्युशियननं या मोहोरा कशा उघडायच्या हेही लिहून ठेवलंय: तापवलेल्या सुईनं खालचं मेण सोडवायचं, नाहीतर मोहोरेचा आधी ठसा घेऊन ठेवायचा. जास्त बिदागी देणाऱ्या बड्या लोकांशी देव स्वतःच्या तोंडानं बोलायचा. क्रौंच पक्ष्यांच्या श्वासनलिका एकमेकींना जोडून ती नळी कापडी डोक्यात सोडलेली असायची आणि बाहेरून कुणीतरी त्यात बोलायचं.

दर ठरलेला होता: एका प्रश्नाला एक द्राख्मा आणि दोन ओबोल. एकेक माणूस दहा-पंधरा प्रश्न विचारायचा. ल्युशियनच्या हिशेबानं वर्षाला सत्तर-ऐंशी हजार द्राख्मा जमत. त्यातून कौल लिहिणारे, मोहोरा लावणारे, अर्थ सांगणारे, दूरदूर जाऊन देवाची कीर्ती पसरवणारे असे कितीतरी जण पोसले जात.

आता जरा थांबू या. हे सगळं ऐकून आपण म्हणतो, किती भोळे लोक! पण विचारायला येणारे काय विचारत होते, ते पाहा. पळून गेलेला माणूस सापडेल का, चोरी कुणी केली, दुखणं बरं होईल का. हे प्रश्न काही विचित्र नाहीत. देव कापडाचा होता, पण विचारणाऱ्याचं दुखणं कापडाचं नव्हतं.

आणि मूल होण्याचा प्रश्न? त्या काळी मूल होत नाही म्हणून बायकोला सोडून देता येत होतं. ग्रीस देशात एपिडोरस इथे अस्क्लेपियसचं मोठं देऊळ होतं. मूल व्हावं म्हणून बायका तिथे रात्री झोपायला जात. स्वप्नात साप आला आणि पुढे मूल झालं, असे अनुभव तिथल्या शिळांवर कोरलेले आहेत. नाग आणि संतती यांचं नातं असं तिकडेही होतं. आपल्याकडेही संतान व्हावं म्हणून नागाची पूजा होते, हे तुम्हाला माहीतच आहे.

अलेक्झांडरनं हे नातं अचूक ओळखलं. ल्युशियन लिहितो की अलेक्झांडरपासून आपल्याला मूल झालं असं कितीतरी बायका अभिमानानं सांगत, आणि त्यांचे नवरेही त्याला दुजोरा देत. ल्युशियन हे टर उडवत लिहितो, त्या नवऱ्यांना हसतो. पण मैत्रिणींनो, त्या बायकांपैकी एकीचाही शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्यांना खरंच अभिमान वाटत होता, की घरात टिकून राहण्यासाठी तसं म्हणावं लागत होतं? वैऱ्यानं लिहिलं तरी पुरुषाबद्दल, भक्तानं कोरलं तरी देवाबद्दल. बाई मधल्या मधे गायब.

अशीच गायब झालेली आणखी एक मुलगी आहे, खुद्द अलेक्झांडरची. रोममधला रुटिलियानस नावाचा बडा सरदार या देवाच्या पुरता आहारी गेला होता. वय साठ. देवानं त्याला कौल दिला, अलेक्झांडरच्या मुलीशी लग्न कर. ही मुलगी म्हणे साक्षात चंद्रापासून झालेली. ग्रीकांच्या पुराणात चंद्र ही देवी आहे, पुरुष नव्हे. झालं, साठीचा नवरदेव बोहल्यावर चढला आणि चंद्राला सासूबाई मानून तिच्यापुढे बळी देऊ लागला. ल्युशियननं ही गोष्ट फार रंगवून सांगितलीय. त्या मुलीचं नाव मात्र त्यानं लिहिलेलं नाही.

इथपर्यंत हे प्रकरण फसवणुकीचं असलं तरी हसण्यावारी नेता आलं असतं. पुढे तसं राहिलं नाही.

इसवी सन १६५ च्या सुमारास रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. सैन्याबरोबर ती गावोगाव पोचली. ग्लायकॉनच्या देवळातून एका ओळीचा मंत्र सगळीकडे पाठवला गेला: हा दारावर लिहा, साथ आत येणार नाही. लोकांनी लिहिला. ल्युशियन म्हणतो, ज्या घरांच्या दारांवर तो मंत्र होता तीच घरं जास्त रिकामी झाली. कारणही तोच सुचवतो. मंत्र आहे म्हणून लोक निर्धास्त झाले, काळजी घेईनात. आपण काही वर्षांपूर्वीच एका साथीतून गेलो आहोत. दारावर काय लावलं याहून हात धुतले का, अंतर ठेवलं का, लस घेतली का, हे किती महत्त्वाचं होतं, ते आपण पाहिलंय.

दुसरी घटना तर आपल्या देशाशी जोडलेली आहे. एका माणसाचा मुलगा शिकायला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला होता. तो नाइल नदीतून फिरायला गेला, पुढे बंदरात एक जहाज हिंदुस्थानला निघालेलं दिसलं, आणि पोरगा कुणाला न सांगता त्यात बसला. त्या काळी तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजं भडोच, सोपारा, कल्याण, चौल अशा आपल्या बंदरांना लागत. इकडे त्याचे गुलाम वाट पाहून थकले. मालक बुडाला असेल किंवा चाच्यांनी मारला असेल, असं समजून ते घरी परतले. बापानं ग्लायकॉनला विचारलं. कौल मिळाला, गुलामांनीच खून केला. गुलामांना जंगली जनावरांपुढे टाकून मारण्यात आलं. आणि काही काळानं मुलगा हिंदुस्थानची सफर करून धडधाकट घरी आला!

हे भर गर्दीत अलेक्झांडरच्या तोंडावर सांगण्याचं धाडस एका माणसानं केलं. तो एपिक्युरस या तत्त्वज्ञाचा अनुयायी होता. या पंथाचे लोक म्हणत, जगात जे घडतं त्याची कारणं शोधावीत, भीतीपोटी काही मानू नये. अलेक्झांडरनं उत्तर दिलं नाही. त्यानं जमावाला सांगितलं, दगड मारा याला. एका वजनदार गृहस्थानं मधे पडून त्याचा जीव वाचवला.

पुढे पुढे देवळातल्या उत्सवाची सुरुवातच हाकलण्यानं होऊ लागली. नास्तिक, ख्रिस्ती किंवा एपिक्युरसचा माणूस हेरगिरीला आला असेल तर त्यानं चालतं व्हावं, अशी घोषणा व्हायची आणि जमाव ती उचलून धरायचा. गंमत पाहा, देव मानणारे ख्रिस्ती आणि देवाचं भय न मानणारे एपिक्युरसवाले, दोघंही एकाच रांगेत बाहेर. कारण दोघंही या देवाला प्रश्न विचारत होते. एपिक्युरसचं पुस्तक भर चौकात जाळलं गेलं. शेजारच्या अमास्त्रिस शहरात अशी माणसं बरीच होती, तर त्या गावाला कौल देणंच बंद.

चुकलेल्या कौलांचं काय करायचं, याचीही युक्ती होती. डॅन्यूब नदीकाठी रोमनांची लढाई चालू होती. देवानं सांगितलं, दोन सिंह नदीत सोडा, मोठा विजय मिळेल. सिंह पोहून पलीकडे गेले, शत्रूनं ते कुत्रे किंवा लांडगे समजून सोट्यांनी मारले, आणि लढाईत रोमनांचे वीस हजारांच्या आसपास सैनिक गेले असं ल्युशियन लिहितो. अलेक्झांडर म्हणाला, देवानं विजय मिळेल एवढंच सांगितलं होतं, कुणाला ते कुठे सांगितलं होतं!

ल्युशियन स्वतः भेटायला गेला तेव्हा अलेक्झांडरनं हाताचं चुंबन घ्यायला हात पुढे केला. ल्युशियननं त्या हाताचा कडकडून चावा घेतला. नंतर परतीच्या प्रवासात आपल्याला समुद्रात फेकून देण्याचा बेत होता आणि नावाड्याला दया आली म्हणून आपण वाचलो, असं तो सांगतो. फिर्याद करायची म्हटलं तर तिथल्या राज्यपालानं हात जोडले. ज्याचा जावई रुटिलियानस, त्याला शिक्षा करणार कोण?

अलेक्झांडरनं भाकीत केलं होतं की तो दीडशे वर्षं जगेल आणि वीज पडून मरेल. तो सत्तरीच्या आत पाय सडून मेला. वैद्यांनी डोक्याला औषध लावायला घेतलं तेव्हा कळलं की ते सुंदर लांब केसही टोपाचे होते.

माणूस गेला, देव मात्र राहिला. नाणी पाडली जातच होती. आजच्या रोमानियात आल्बा यूलिया इथे ग्लायकॉनच्या नावानं कोरलेले शिलालेख मिळाले आहेत. आणि १९६२ साली रोमानियातल्याच कॉन्स्टान्त्सा शहरात खोदकाम चालू असताना जमिनीखाली पुरलेल्या मूर्ती सापडल्या. त्यांत संगमरवरी ग्लायकॉन होता, एकाच दगडातला, जेमतेम दोन फुटांहून थोडा उंच. आज तो तिथल्या संग्रहालयात आहे. पुढे १९९४ साली रोमानियाच्या दहा हजार लेईच्या नोटेवरही तो आला. ज्या देवाचा जन्मच पैशासाठी झाला असं ल्युशियन म्हणतो, तो अखेर नोटेवर जाऊन बसला!

आणि या देवाला आजही एक भक्त आहे. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावी राहणारा ॲलन मूर. चित्रकथांचा जगप्रसिद्ध लेखक. १९९३ साली, आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी, त्यानं आपण जादूगार झाल्याचं जाहीर केलं आणि पुढे ग्लायकॉनला आपलं दैवत मानलं. लांब दाढी, बोटांत मोठमोठ्या अंगठ्या, आणि घरात नागदेवाची पूजा. ऐकून जरा बिचकायला होतं ना? पण त्याचं म्हणणं ऐका. तो म्हणतो, माझा देव बहुधा हातात घालायची बाहुली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो मला बरा वाटतो. यानंच विश्व निर्माण केलं, असा गैरसमज होण्याची भीतीच नाही. त्याच्या दृष्टीनं देव म्हणजे मनातल्या कल्पनेला दिलेलं रूप, आणि कल्पनेत लिहिण्याची ताकद असते. इतरांनी ग्लायकॉनला मानावं असा त्याचा आग्रह नाही.

हे आपल्याला फार अनोळखी वाटायला नको. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतात. राम-सीता लाकडाचे आहेत, वर दोरी आहे, दोरी ओढणारा माणूस आहे, हे लहान पोरालाही दिसतं. तरी सीतेला नेलं की डोळ्यांत पाणी येतं. दोरी लपवलेली नसते, म्हणून कुणी फसत नाही.

तोच कापडी डोक्याचा नाग. एकाच्या हातात तो माणसांच्या जिवावर उठला, दुसऱ्याच्या हातात निरुपद्रवी छंद झाला. देवाचं रूप किती विचित्र, यावरून काही ठरत नाही. सिंहाची शेपटी आणि माणसाचे केस कुणाचं वाईट करत नाहीत. पाहायचं ते वेगळंच. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळतं की दगड? डॉक्टरकडे जायला मोकळीक आहे की ‘आता औषध बंद’ असं सांगितलं जातं? आणि अडलेल्या बाईकडून काय मागितलं जातं?

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो नेमका याच जागी बोट ठेवतो. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन-कीर्तन यांना तो हात लावत नाही. पण साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचार घेऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. आणि अलौकिक शक्तीनं मूल होईल असं सांगून, मूल न होणाऱ्या बाईशी शरीरसंबंध ठेवणं हाही गुन्हा आहे. अबोनोतिखोसच्या त्या बायकांना असा कायदा मिळाला नव्हता. आपल्याला आहे. तुमच्या ओळखीत कुणी अशा ठिकाणी अडकली असेल तर तिला हसू नका, रागावू नका. तिचा प्रश्न खरा आहे, हे आधी मान्य करा, आणि मग तिच्याबरोबर दवाखान्यात जा. गरज पडली तर पोलीस ठाण्यातही जा.

येत्या नागपंचमीला नाग जरूर काढा, गाणी म्हणा, फेर धरा. आणि घरातल्या पोरीबाळींनी विचारलं, की नाग दूध खरंच पितो का गं, तर त्यांना गप्प बसवू नका. साप दूध पीत नाही, तो उंदीर-बेडूक खातो आणि शेताची राखण करतो, हे सांगा. पूजा त्यानं काही कमी होत नाही.

आज इथेच थांबते. नमस्कार.